सासऱ्यांचं लोखंड, साडूचं प्लॅस्टिक

गाडीतलं मला कळतं. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगतो. आमच्या मेहरूणमध्ये कुणाची स्कूटर सुरू होत नसली की लोक आधी मला हाक मारतात, मेकॅनिकला नंतर. (मेकॅनिक येईपर्यंत मी स्कूटरचं काय केलेलं असतं, हा वेगळा विषय आहे.)

तर १९९७च्या फेब्रुवारीत मी ठरवलं, आपल्या पांढऱ्या मारुतीला मॅगव्हील, म्हणजे मिश्रधातूची चकचकीत चाकं, बसवायची! तोवर जळगावात मॅगव्हीलची गाडी मी एकच पाहिली होती, तीही पाहुण्याची, इंदूर पासिंगची. मी सुट्टी काढून थेट सुरत गाठली. तिथल्या जुन्या बाजारात चार चाकं निवडली, दोन गोणपाटांत बांधली आणि भुसावळ पॅसेंजरनं घेऊन आलो. चाकं इतकी चकचकीत होती, की दोंडाईच्याला चढलेल्या एका बाईंनी गोणपाटात डोकावून विचारलं, "भाऊ, पराती केवढ्याला दिल्या?"

अजिंठा चौफुलीवर उखर्डू मिस्तरीचं गॅरेज आहे. त्यानं चाकं बसवून दिली. गाडी अशी दिसू लागली, की मी बायकोला म्हटलं, "कुंदा, बस. हिला आता पारोळ्यापर्यंत नेऊन आणू!"

चाळीसच्या वेगाला गाडी लोण्यासारखी चालली. पन्नासला स्टिअरिंगला बारीक कापरं भरलं. साठला मात्र गाडीत पिठाची गिरणी सुरू झाली! कुंदाच्या बांगड्या वाजू लागल्या, आरसा आपोआप वळून माझ्याकडे बघू लागला आणि माझे स्वतःचे दात एकमेकांवर आपटायला लागले.

"हे... असं... नेहमी... होणार का?" कुंदानं विचारलं.

"ना... ही... सवय... होईल!" मी म्हणालो.

उखर्डूनं मात्र एका नजरेत दुखणं ओळखलं. "साहेब, ही चाकं दुसऱ्या गाडीची. यांचं मधलं भोक मोठं, आणि ते ज्यावर बसतं ते आपल्या गाडीचं नाक बारीक. चाक मधोमध बसतच नाही. लेंगा आहे, पण नाडी नाही!"

"मग?"

"मधे एक रिंग घालायची. बाहेरून चाकाच्या भोकाच्या मापाची, आतून गाडीच्या नाकाच्या. इथं तयार मिळत नाही, बनवून घ्या. लोखंडाची घ्या नाहीतर प्लॅस्टिकची."

"चांगली कुठली?"

"लवकर मिळेल ती," उखर्डू म्हणाला आणि दुसऱ्या गाडीखाली शिरला.

आता इथं मला आमच्या घरातली एक नाजूक परिस्थिती सांगायला हवी.

माझे सासरे झुलालनाना. धुळ्यात त्यांचं लेथचं वर्कशॉप आहे. पाण्याच्या पंपाचे भाग बनवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. नानांचा जगात फक्त लोखंडावर विश्वास. त्यांच्या घरात गाळणीसुद्धा लोखंडी! आणि त्यांच्या धाकट्या मुलीचं, म्हणजे आमच्या बेबीचं, लग्न ठरलं होतं मगनशी. मगन जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटयांच्या कारखान्यात सुपरवायझर. कमी बोलणारा, पण प्लॅस्टिकचा विषय निघाला की वर्गात पहिला आलेल्या मुलासारखा उभा राहणारा. ही सोयरीक मी जुळवली होती. मध्यस्थ मी! आणि साखरपुड्यातच ती मोडता मोडता राहिली होती.

झालं असं, की मुलाकडून आलेल्या सामानात प्लॅस्टिकची बादली पाहून नाना म्हणाले, "ही काय बादली म्हणायची? उन्हात ठेवली तर पापड होईल!"

सगळे हसले. मगन हसला नाही. तो शांतपणे म्हणाला, "लोखंडी बादली गंजते, नाना."

बास! एवढंच वाक्य. पण नानांनी पुढचा अर्धा तास पेढ्याला हात लावला नाही. मगनच्या आई भिकुबाई पदर सावरून उठायच्या बेतात होत्या. मी दोन्हीकडं धावपळ करून, दोघांनाही "तुमचंच खरं" असं कानात सांगून ते प्रकरण मिटवलं होतं. तेव्हापासून सासरे आणि होणारा साडू एकमेकांशी "जेवण झालं का" याच्यापलीकडं बोलत नव्हते.

आणि मी काय केलं? नानांना फोनवर सहज बोललो, "नाना, चाकात घालायला रिंगा हव्यात." त्याच आठवड्यात मगन घरी आला, तेव्हा त्यालाही सहज बोललो. सल्ला म्हणून हो! काम सांगितलंच नव्हतं.

पाचव्या दिवशी धुळ्याहून एसटीच्या पार्सलनं एक जड पुडकं आलं. तेल लावलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार लोखंडी रिंगा. आरशासारख्या! सोबत नानांची चिठ्ठी : 'माप केसाचं चुकणार नाही. चारही लावाव्या.'

त्याच संध्याकाळी मगन दारात. त्याच्या हातात चार प्लॅस्टिकच्या रिंगा, प्रत्येक अर्धी लाल, अर्धी हिरवी. "चटईचाच माल आहे, पितांबरभाऊ, म्हणून रंग असा. पण साचा खास बनवलाय. चारही लावा. जन्मभर गंजणार नाहीत!"

तो गेल्यावर कुंदानं आठही रिंगा जेवणाच्या टेबलावर मांडल्या आणि कमरेवर हात ठेवला.

"आता? नानांच्या लावल्या तर मगनराव दुखावणार. मगनरावांच्या लावल्या तर नाना लग्नात बोलायचे नाहीत. आणि लग्न दोन महिन्यांवर!"

मी हसलो. अशा वेळी माझं डोकं फार वेगानं चालतं. "सोपं आहे. मागच्या दोन चाकांना नानांच्या, पुढच्या दोन चाकांना मगनच्या. आणि दोघांनाही सांगायचं, तुमच्या चारही लावल्या! चाकाच्या आत काय आहे हे कोण बघायला जातंय?"

"हे खोटं झालं."

"याला मुत्सद्देगिरी म्हणतात!"

कुंदानं मान हलवली. बायकांना राजकारणातलं कमी कळतं, असं मी त्या वेळी मनात म्हणालो. त्या वेळीच.

उखर्डूनं प्लॅस्टिकच्या रिंगा पुढं बसवल्या. बोटानं दाबल्या, बसल्या. नानांच्या रिंगा मात्र लाकडी हातोडीनं ठोकून बसवाव्या लागल्या. इतकं घट्ट माप! ठोकताना तो म्हणाला, "साहेब, लोखंडीला ग्रीस लावतो थोडं."

"वेडा आहेस का? नव्या चकचकीत चाकाला काळं फासतोस?"

"आतून लावायचंय."

"आतलं बाहेर येतंच, उखर्डू!"

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं डॉक्टर पथ्य न पाळणाऱ्या पेशंटकडं पाहतात. पण ग्रीस लावलं नाही.

आणि काय सांगू! गाडी साठला गेली, सत्तरला गेली, पण आरसा जागचा हलला नाही. मी त्या दोन महिन्यांत रोज सकाळी नळी लावून चाकं धुतली. शेजाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं असेल त्याच्या दुप्पट पाणी मी त्या चाकांवर ओतलं असेल. धुळ्याहून नाना विचारायचे, "रिंगा कशा चालतात?" मी म्हणायचो, "चारही झकास!" मगन विचारायचा. मी म्हणायचो, "चारही झकास!" माझा खोटेपणासुद्धा चार चाकांवर कसा सुरळीत धावत होता!

अठरा मेला धुळ्यात लग्न. मुहूर्त दुपारी बारा चाळीसचा. मी सगळ्यांना आधीच सांगून टाकलं होतं, "वऱ्हाड बसनं जाईल, नवरदेव माझ्या मॅगव्हीलमधून!"

सकाळी सातला बस सुटली. "तुम्ही व्हा पुढं, एरंडोलच्या आत तुम्हाला गाठतो," मी ड्रायव्हरला सांगितलं. मग गाडीला झेंडूच्या माळा बांधण्यात नऊ वाजले. पुढं माझ्याशेजारी मगन. फेटा टपाला लागत होता, म्हणून मान तिरकी करून बसलेला. मागं कुंदा आणि भिकुबाई.

भिकुबाईंचा मोटारीवर विश्वास नव्हता. समोर बैलगाडी दिसली, की त्या ओरडायच्या, "हाऊ हाऊ! हळू चालाड रे भाऊ! एकुलता एक पोऱ्या शे मना!" सायकल दिसली तरी तेच. म्हैस तर रस्त्याच्या पलीकडं, शेतात उभी असली तरी तेच! शेवटी मी उजवा पाय ब्रेकवरच ठेवून दिला. अंगठा ॲक्सिलरेटरवर, टाच ब्रेकवर. असं चालवणं सगळ्यांना जमत नाही. मला जमलं. एरंडोल गेलं, पारोळ्याच्या बाजारातून केळीच्या आणि कांद्याच्या ट्रकांमधून कसेबसे बाहेर पडलो. ऊन तर असं, की डांबर चाकाला चिकटत होतं.

पारोळा मागं पडलं आणि भिकुबाईंनी नाक वर केलं.

"काय जळी ऱ्हायनं रे भाऊ? वास ई ऱ्हायना!"

"शेतात पाचोळा पेटवला असेल, मावशी."

"पाचोळा नाही," मगन सरळ होऊन बसला. फेटा टपावर आपटला. "हा वास मी ओळखतो. हा आमच्या दोन नंबरच्या मशीनचा वास आहे!"

तेवढ्यात स्टिअरिंग थरथरलं. मी गाडी बाजूला घेतली. उतरून पाहिलं, तर पुढच्या उजव्या चाकाच्या मधून एक लाल-हिरवा ओघळ निघून, जिलबी तळायला सोडावी तसा रस्त्यावर लोंबत होता!

मगनचा चेहरा उतरला. लग्नाच्या दिवशी नवरदेवाचा इतका उतरलेला चेहरा मी पाहिलेला नाही. "वितळली. माझी रिंग वितळली!" आणि मग एकदम घाबरून, "पितांबरभाऊ, मग मागच्याही वितळत असतील! चारही माझ्याच आहेत ना?"

तो मागच्या चाकाकडं निघाला. मी त्याच्या आडवा गेलो. "अरे, मागच्या चाकांना ब्रेक कमी लागतो! मागं काही होत नाही! तू नवरदेव, वाकू नको, फेटा सुटेल!"

"बघू तरी द्या."

"मुहूर्त!" मी ओरडलो. त्या शब्दानं भिकुबाईंनी त्याला दंडाला धरून आत बसवला. आम्ही पाण्याचा कॅन पुढच्या चाकांवर ओतला. चुर्रर्र आवाज झाला. नट आवळले आणि तीसच्या वेगानं निघालो. मगन मला हळूच म्हणाला, "भाऊ, नानांना कळू देऊ नका. आयुष्यभर ऐकवतील."

"माझ्यावर सोड," मी म्हणालो. बघा, अजूनही विश्वास माझ्यावरच!

मुकटी गेलं. फागणे दोन किलोमीटरवर दिसू लागलं. धुळं आता हाकेवर. मी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं आणि त्याच क्षणी मागून 'फस्स' असा आवाज आला. मागचं डावं चाक पंक्चर! खिळा असा घुसला होता, की जणू माझी वाट पाहत बसला असावा.

"काही नाही, पाच मिनिटं!" मी बाह्या सरसावल्या. मगनला आणि भिकुबाईंना शंभर पावलांवरच्या लिंबाखाली बसवलं. "सावलीत बसा. नवरदेवानं तेलकट कामाजवळ येऊ नये, अपशकुन असतो." हा अपशकुन मी तिथल्या तिथं तयार केला होता.

जॅक लावला. नट काढले. चाक ओढलं. हलेना! लाथ मारली. हलेना! कुंदानं दुसऱ्या बाजूनं ओढलं. आम्ही दोघांनी चाकाला मिठी मारून ओढलं. चाक एखाद्या हट्टी जावयासारखं जागचं हलायला तयार नाही! नानांचं केसाचं माप, वर दोन महिने मी रोज पाजलेलं पाणी. रिंग आणि गाडी गंजून एकजीव झाली होती. उखर्डूचं ते ग्रीस मला तिथं, भर उन्हात, डोळ्यांसमोर दिसलं.

लिंबाखालून मगनचा अभिमानी आवाज आला, "भाऊ, प्लॅस्टिकची रिंग कधी अडकत नाही! नट राहिला असेल एखादा!"

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. एका सायकलवाल्याच्या मागं डबलसीट बसून मी फागण्याच्या एसटीडी बूथवर गेलो आणि वर्कशॉपला फोन लावला; मांडव त्याच्याच अंगणात होता. नानांनीच उचलला. मागं वाजंत्री ऐकू येत होती.

"जावईबापू! बठ्ठा लोक ई गयात, नवरदेव कोठे शे?"

"फागण्याजवळ, नाना. मागचं चाक पंक्चर आहे आणि निघत नाहीये. तुम्ही एखादा माणूस आणि जीप पाठवा."

"निघत नही?" नानांच्या आवाजात काळजी नव्हती, आनंद होता! "निघावनी नही! मनी रिंग शे ती! मीच काढसू. थांबा तठेच, मी निघनू."

"नाना, तुम्ही नको! तुम्ही वधूपिता..."

फोन बंद.

नाना येणार, म्हणजे पुढची चाकं बघणार. त्यांच्या समजुतीप्रमाणे चारही रिंगा लोखंडी, आणि पुढं लोंबतेय लाल-हिरवी जिलबी! मी सायकलवाल्याला इतकं पळवलं, की त्याची चेन दोनदा पडली. गाडीजवळ आल्याबरोबर बॉनेटवरच्या सगळ्या झेंडूच्या माळा सोडल्या आणि पुढच्या दोन्ही चाकांना गुंडाळल्या. एक ओघळ दिसता कामा नये! कुंदा कपाळाला हात लावून बघत राहिली.

लिंबाखालून भिकुबाई म्हणाल्या, "माय वं! चाकनी पूजा करी ऱ्हायना हाऊ!"

वीस मिनिटांत नाना आले. एम-एटी दुचाकीवर. कडक इस्त्रीचा पांढरा लेंगा-सदरा, गुलाबी फेटा आणि खांद्याला हत्यारांची पिशवी. मुलीच्या लग्नाला नव्हे, गड जिंकायला निघाल्यासारखे! त्यांनी मगनला दुरूनच हात जोडले, मगननं दुरूनच मान लववली. तेवढाच व्यवहार. पुढच्या चाकांवरचे हार पाहून नाना म्हणाले, "हे काय?"

"शोभा," मी म्हणालो.

नानांनी मागच्या चाकाशी बैठक मारली, लाकडाचा ठोकळा लावला आणि घण उचलला.

ठण्ण!

लिंबाखाली मगन ताडकन उभा राहिला.

ठण्ण!

"नाना! थांबा!" मगन फेटा सावरत धावत आला. मी दोन्ही हात पसरून आडवा झालो, तर तो माझ्या काखेखालून निघाला. "नाना, घण मारू नका! प्लॅस्टिकची रिंग आहे ती, फुटेल!"

घण हवेतच राहिला. नानांनी मान वळवली. "कोणतं प्लॅस्टिक?"

"माझ्या रिंगा. चारही चाकांना माझ्या आहेत."

"चारही चाकांना माझ्या आहेत," नाना म्हणाले.

मग ते दोघं एकदम माझ्याकडं वळले. एक केळीचा ट्रक भोंगा वाजवत गेला.

"जावईबापू?"

"पितांबरभाऊ?"

"बारा वाजायला दहा मिनिटं आहेत," मी म्हणालो.

नाना उठले. पुढच्या चाकापाशी गेले आणि एका बोटानं माळ बाजूला केली. लाल-हिरवी जिलबी! मगन मागच्या चाकाशी वाकला आणि आतली गंजलेली कडा बोटानं चाचपू लागला. संपलं! बादलीवरून पेढा नाकारणारी माणसं ही. आता सोयरीक मोडणार, बेबी मांडवात बसून राहणार, आणि धुळे-जळगाव दोन्ही जिल्ह्यांत माझं नाव निघणार. भिकुबाई लिंबाखालून उठल्या. कुंदा माझ्याकडं बघत नव्हती, हे सगळ्यात वाईट.

"नाना," मी हात जोडले, "चूक माझी आहे. मगनला काही माहीत नाही. तुम्हालाही काही माहीत नाही. दोघांचं मन राखायला गेलो मी. मला काय ते बोला, लग्न मात्र..."

नानांनी माझ्याकडं लक्षच दिलं नाही. ते वितळलेल्या रिंगेचा उरलेला तुकडा नखानं खरवडत होते.

"मगनराव, हे तुमनं काम?"

"हो," मगन मान खाली घालून म्हणाला. "वितळली."

"ते दिसतंय. साचा कुणी कोरला?"

"मीच."

"स्वतः? हातानं?"

"कानशीनं. रात्रपाळीला मशीन बंद असायचं तेव्हा."

नानांनी तो तुकडा उन्हात धरला, एक डोळा मिटून पाहिला. "कडा बघा कशी आलीय! लेथवर माझ्या माणसाला नाही जमत अशी."

मगननं मान वर केली. "नाना, आणि ही तुमची रिंग! दोन महिने पाण्यात राहून केसभर हलली नाही. असं माप मी पाहिलेलं नाही."

"हलली नाही म्हणून तर निघत नाही!"

आणि नाना हसले! मगन हसला! अहो, हे दोघं रस्त्याच्या कडेला, एक गुलाबी फेटा, एक लाल फेटा, चाकाजवळ उकिडवे बसले आणि सुरू झाले. पुढच्या ब्रेकला किती उष्णता होते, लोखंडाऐवजी ॲल्युमिनियम वापरलं तर काय, प्लॅस्टिकमध्ये काचेचा भुगा मिसळला तर काय! नानांनी मातीत काडीनं आकृती काढली. मगननं ती पुसून दुसरी काढली. नाना म्हणाले, "हां! असं!"

बारा वाजून पाच मिनिटं झाली. मी म्हणालो, "नाना, मुहूर्त!" कुणी ऐकेना. कुंदा म्हणाली, "नाना, बेबी वाट बघतेय!" नानांनी हातानं 'एक मिनिट' अशी खूण केली.

शेवटी भिकुबाई आल्या आणि दोघांच्या मधे उभ्या राहिल्या. "तुमना चाकनं लगीन शे का मना पोऱ्यानं?"

तेव्हा कुठं दोघं भानावर आले! मग मात्र नानांनी घाई केली. एम-एटीला किक मारली, मागं मगनला बसवलं, हत्यारांची पिशवी नवरदेवाच्या मांडीवर. स्वतः वधूपिता नवरदेवाला डबलसीट घेऊन निघाला! जाताना दोघांचे फेटे एकमेकांकडं कलले होते. बोलणं चालूच होतं. पाठोपाठ एक काळी-पिवळी जीप थांबली, कुंदा आणि भिकुबाई तिच्यात चढल्या. मीही पाय ठेवला.

"तुम्ही कुठं?" कुंदा म्हणाली. "नाना सांगून गेलेत, असली चाकं रस्त्यावर टाकून यायचं नाही."

जीप गेली. मी, मारुती आणि झेंडूच्या माळा उरलो. एक मेंढपाळ येऊन विचारून गेला, "माळ कशी दिली?" बारा चाळीसला मी घड्याळाकडं पाहत उभा राहिलो. मूठभर झेंडू कुस्करला आणि धुळ्याच्या दिशेनं टाकला. अक्षता म्हणून. वारा उलटा होता. सगळ्या पाकळ्या माझ्याच अंगावर आल्या. पण खरं सांगतो, त्या वेळी मला बरं वाटलं. लग्न लागलं होतं, आणि सासरा-जावई एका गाडीवरून मांडवात गेले होते.

तीन वाजता एम-एटीचा आवाज आला. नाना आणि मगन! मगनच्या गळ्यात अजून हार, हातावर मेंदी. नवरीला मांडवात सोडून आला होता पठ्ठ्या! त्यांनी चाक ओढायचं पुलर आणलं होतं, रिंग तापवायला ब्लो-लॅम्प आणला होता, ग्रीसचा डबा आणला होता.

"आणि जेवण?" मी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"राहिलं," नाना म्हणाले.

चाक निघालं. स्टेपनी लागली. मी ब्लो-लॅम्पला वाऱ्याचा आडोसा धरून उभा होतो, एवढंच माझं काम. 'गाडीतलं मला कळतं' हे वाक्य मी त्या दुपारी एकदाही उच्चारलं नाही.

पुढं मगन दर रविवारी धुळ्याला जाऊ लागला. बेबीला वाटलं, आईवडिलांची ओढ आपल्यापेक्षा नवऱ्यालाच जास्त! दिवाळीपर्यंत दोघांनी मिळून नवी रिंग केली. आतून ॲल्युमिनियम, बाहेरून काळं चिवट प्लॅस्टिक. माझ्या गाडीला चारही त्याच आहेत. वितळत नाहीत, अडकत नाहीत. बसवताना उखर्डूनं मला न विचारता ग्रीस लावलं. मीही दुसरीकडं बघत उभा राहिलो.

परवा कामानिमित्त धुळ्याला गेलो होतो. म्हटलं, सासुरवाडीला डोकावून जावं. मोठा जावई आहे मी, मान आहे! नानांनी दार उघडलं. माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून मागं अंगणात पाहिलं.

"एकलाच उनात? मगनराव नही उनात का?"

"येतोय मगन मागून, एसटीनं," मी म्हणालो.

तो यायचा नव्हता. पण तेवढ्यावर निदान चहा तरी टाकला त्यांनी!